स्टँडवरची मोटरसायकल

व्हर्लिन हॉगनने अख्खा हिवाळा मोटरसायकलीपाशी काढला, आणि मोटरसायकल गॅरेजमधून वीतभरही सरकली नाही.

गाडी जुनी होती. लांबच्या प्रवासासाठीच बनवलेली, रुंद, बोजड, दोन्ही बाजूंना डिक्क्या आणि मागे मोठी पेटी. धाकटी मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी घेतलेली. आता त्या मुलीचीच मुलं शाळा संपवत आली होती. दर ऑगस्टमध्ये व्हर्लिन आणि आर्डिथ नॉर्थ डाकोटातून निघत आणि मोंटाना ओलांडून आयडाहोला आर्डिथच्या बहिणीकडे, लोर्नाकडे जात. गेल्या ऑगस्टमध्ये आर्डिथ लोर्नाच्या अंगणात उतरली, ती सरळ उभीच राहीना. कंबरेचं जुनं दुखणं. लोर्नाने तिला धरून आत नेलं. व्हर्लिन हेल्मेट मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिला. घरी परतल्यावर तो एवढंच म्हणाला, "गाडी तुला बसेल अशी करतो."

आणि करायला लागला. तिच्या पाठीला टेकू दिला, मग टेकूला हात ठेवायला दांड्या बसवल्या. तिच्या पावलांखालच्या फळ्या खाली सरकवल्या, म्हणजे गुडघे फार दुमडायला नकोत. पुढची काच उंच केली, मागच्या स्प्रिंगा बदलल्या. स्वतःसाठी त्याने एकच गोष्ट केली. हँडल थोडं मागे ओढून घेतलं, म्हणजे खांदे वाकवून बसावं लागू नये. रविवारी चर्चहून आलं की तो गॅरेजच्या दारातून हाक मारी, "जरा येऊन बसतेस का?" ओव्हनमध्ये बटाट्यांचं आणि मटारांचं भांडं शिजत असायचं. आर्डिथ कोट न काढताच तशीच जाई, कष्टाने पाय टाकून वर चढे आणि बसे. तो खाली वाकून बघे, कुठे दुखतं विचारी. ती म्हणे, ठीक आहे. तो म्हणे, नुसतं ठीक नको, खरं सांग. मग ती काहीतरी सांगे, म्हणजे त्याला पुढच्या आठवड्याचं काम मिळे.

असं करता करता फेब्रुवारी आला. एका रविवारी ती वर बसली असताना तिची नजर खाली गेली. गाडी मधल्या स्टँडवर उभी होती. प्रत्येक वेळी स्टँडवरच असायची. स्टँडवरच्या मोटरसायकलीचं ओझं कुणाच्या पायावर नसतं. ते सगळं लोखंडावर असतं. गाडीत काही बदललं की आधी ती स्टँडवरून उतरवायची, दोन पायांत धरायची, डावी-उजवी कलवून बघायची, मग बोलायचं. हे तर व्हर्लिननेच सगळ्यांना शिकवलं होतं. त्याचा मित्र ऑरिन स्टॅडलर याला तर त्याने शिव्या घालून शिकवलं होतं. आणि तोच व्हर्लिन सगळा हिवाळा गाडी स्टँडवर ठेवून तिच्या कंबरेची मापं घेत होता.

विसरला असं नव्हे. ती त्याला ओळखून होती.

गाडी थांबली की मागच्या माणसाने बटाट्याच्या पोत्यासारखं बसायचं, पाय खाली टाकायचा नाही, कलायचं नाही, हा नियम. आर्डिथने तो आयुष्यभर पाळला. त्यामुळेच तिला कळलं होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी, कुठल्याशा गावाच्या सिग्नलला, व्हर्लिनने डावा पाय टेकला आणि तो पाय थरथरला. ती थरथर त्याच्या पाठीतून तिच्या छातीपर्यंत आली. मग प्रत्येक थांब्यावर ती वाट बघू लागली. गेल्या ऑगस्टमध्ये तिची कंबर धरली, ती निम्मी त्यामुळेच. हजारभर मैल अंग आवळून बसलं की दुसरं काय होणार?

मग तिने सांगितलं का नाही? त्याला कारण होतं. व्हर्लिन घरात बोलत नसे. ट्रक चालवतानाही नाही. तिथे रेडिओवर धान्याचे भाव चालत. पण मोटरसायकलीवर, हेल्मेटमधल्या स्पीकरवरून, तो बोलायचा. तोंड दिसत नाही म्हणून असेल. त्याच्या धाकट्या भावाच्या मरणाबद्दल तो पहिल्यांदा बोलला ते माइल्स सिटीच्या अलीकडे, साठच्या वेगाने, समोर रस्ता आणि मागे ती. गाडी विकली असती तर तिची कंबर सुटली असती, भीती सुटली असती. पण तो आवाजही गेला असता. उरलेली वर्षं रेडिओ ऐकत काढायची, हे तिला नको होतं. आणि आता असं पोत्यासारखं बसून घाबरत राहायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

तीन चाकांचा उपाय होता. मागचं एक चाक काढून दोन बसवून देणारे लोक होते. पण शनिवारी सकाळी कॅफेत जमणाऱ्या टोळक्याने तीन चाकं करून घेतलेल्या एका माणसाला असं काही सोलून काढलं होतं, की तो पुढे तिथे यायचाच थांबला. आता पुढे टोपली लाव आणि अंडी आणायला जा, असं त्याला कुणीतरी म्हणालं होतं. ते कुणीतरी म्हणजे व्हर्लिन.

मे महिन्यात रस्ते कोरडे झाले, तेव्हा एकच काम उरलं होतं, ते सीटचं. ते घरी होण्यासारखं नव्हतं. दक्षिणेला अर्ध्या दिवसावर ड्वाइट पेल्की नावाचा सीट बनवणारा होता. त्याची एक अट असे. गाडी ट्रेलरवर घालून आणायची नाही, चालवत यायचं. उभ्या गाडीवर सीट कापून उपयोग नाही. उभ्या गाडीवर मऊ ते बरं वाटतं आणि तासाभरात तेच मऊ बोचायला लागतं. माणूस दमून आला की तो कसा उतरतो हे बघायचं, फोम कापायचा, त्याला पुन्हा फेरीला पाठवायचं, परत आला की पुन्हा कापायचा.

म्हणजे गाडी स्टँडवरून उतरणार होती. निघायच्या सकाळी व्हर्लिनने तिला ढकलून उतरवलं तेव्हा आर्डिथ पावात अंड्याचं सारण भरून, कागदात गुंडाळून दारात उभी होती. त्याने ओठ घट्ट मिटले होते. गाडी त्याच्या पायांत स्थिर झाल्यावर तो म्हणाला, "चल, बस."

जातानाचा प्रवास बरा झाला. तो मोठे रस्ते धरून राहिला, म्हणजे फारसं थांबावं लागू नये. समोरून मोटरसायकलवाला आला की डावा हात खाली सोडून राम राम करायचा रिवाज; ते सगळे हात आर्डिथने केले. त्याने दोन्ही हातांनी हँडल धरून ठेवलं होतं. स्पीकरवरही तो फारसा बोलला नाही.

ड्वाइट पेल्कीने दोघांना उतरताना बघितलं आणि फोम कापला. कच्चं सीट बसवलं, वर चादर टाकली आणि सांगितलं, धान्याच्या कोठारापर्यंत जाऊन या. ते गेले. परतताना, ड्वाइटच्या वाटेला वळायच्या आधी, थांबायची पाटी होती. एक धान्याचा ट्रक आडवा जात होता. व्हर्लिनने डावा पाय टेकला. रस्ता त्या बाजूला जरासा उतरता होता, बोटभर असेल. आर्डिथला पाठीतून कळलं, आणि कळेपर्यंत गाडी कलत होती, बसल्या म्हशीने कूस बदलावी तशी, सावकाश. इंजिन वाचवायला बाजूला बसवलेल्या लोखंडी कड्यावर गाडी आडवी झाली. आर्डिथ गवतात जाऊन बसली. लागलं काहीच नाही.

व्हर्लिनने पाठ लावून गाडी उचलायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. मग ट्रक थांबवून ड्रायव्हर धावत आला आणि दोघांनी मिळून ती उभी केली. ड्रायव्हर गेल्यावर व्हर्लिन रस्त्याकडे बघत म्हणाला, "खडी होती."

आर्डिथने बघितलं. डांबर झाडून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं.

"हो," ती म्हणाली. "खडी होती."

तेवढं बोलून तिला इतका थकवा आला की त्या गवतातच आडवं व्हावंसं वाटलं.

ड्वाइटच्या दुकानात परतल्यावर त्याने तिच्या कोपराला लागलेलं गवत पाहिलं, व्हर्लिनची पँट पाहिली. तो शहाणा माणूस होता. त्याने फक्त दोघांपुढे कॉफी ठेवली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "मिसेस हॉगन, कुठे बोचतं?"

आर्डिथने कप खाली ठेवला. व्हर्लिन भिंतीवरच्या चामड्याच्या तुकड्यांकडे बघत होता.

"सीटचं काही नाही हो," ती म्हणाली. "मला वर चढताच येत नाही. पाय टाकताना जीव जातो माझा, आणि वर बसल्यावर सगळा वेळ पडायची धास्ती. माझ्याच्याने आता दोन चाकांवर होत नाही. मला तीन हवीत."

"तुला हवीत?" व्हर्लिनने विचारलं.

"मला. माझ्या कंबरेला."

ड्वाइट उठून मागे गेला, तिथे काहीतरी शोधत राहिला.

"सगळा हिवाळा बसत होतीस वर," व्हर्लिन म्हणाला. "तेव्हा नाही बोललीस."

"तेव्हा ती स्टँडवर होती."

त्याने टोपी काढली, आतली पट्टी अंगठ्याने चोळली, पुन्हा घातली. तिला वाटलं, आता म्हणेल, विकून टाकू. त्याच्या ओठांवर ते आलेलं तिला दिसत होतं. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"ऑरिन मला जगू द्यायचा नाही," तो शेवटी म्हणाला.

"त्याला सांग बायकोच्या कंबरेसाठी केलं. खरंच आहे ते. ऑरिनची बायको त्याच्यामागे बसून दुकानापर्यंतसुद्धा जात नाही, ते आधी विचार त्याला."

व्हर्लिन हसला नाही, पण त्याचे खांदे उतरले. ड्वाइट परत आला तेव्हा व्हर्लिननेच त्याला विचारलं की मागचं चाक काढून दोन बसवून देणारा चांगला माणूस कोण, आणि सीट तीन चाकांवरही असंच लागेल का. ड्वाइट म्हणाला, असंच लागेल, पण चालवत या, मग बघू.

काम व्हायला जुलै उजाडला. ऑरिन जे बोलायचं ते बोलला. टोपलीही घेऊन आला, लाल फीत बांधलेली. व्हर्लिनने ती घेतली आणि गॅरेजमध्ये खिळ्याला टांगली.

ऑगस्टमध्ये ते निघाले. गाडी आता वळणावर झुकत नव्हती, ट्रॅक्टरसारखी जड वळत होती, आणि व्हर्लिनला ते आवडत नव्हतं हे त्याच्या पाठीवरून कळत होतं. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्यांतले काही हात करत, काही करत नसत. आर्डिथची कंबर दुखत होती. सीट चांगलं होतं, पण वयाला सीट काय करणार?

मोंटानात शिरल्यावर एका ओसाड चौकात थांबायची पाटी आली. व्हर्लिनने सवयीने डावा पाय खाली टेकला. पाय थरथरला. गाडी हलली नाही. आर्डिथचं अंग नेहमीसारखं आवळलं गेलं होतं; ते सुटायला थोडा वेळ लागला.

चारी रस्त्यांवर कुणी नव्हतं. व्हर्लिनने पाय उचलून फळीवर ठेवला, पण गाडी पुढे काढली नाही. स्पीकरमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता.

"गुडघा गेलाय माझा, आर्डिथ," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली."

"माहीत आहे."

"खडी नव्हती तिथे."

"नव्हती."

वाऱ्याने बाजूचं गवत लवत होतं. मग त्याने विचारलं, कंबर कशी आहे, आणि ती म्हणाली, दुखतेय, पण अजून एक गाव जाईल. त्याने बरं म्हटलं, दोन्हीकडे नीट बघितलं, आणि गाडी सोडली. पुढे रस्ता सरळ होता. थोड्या वेळाने तो भावाबद्दल बोलू लागला.