मोबाइलच्या पाठीवरची नक्षी

"हात बघा, हात! याला म्हणतात हात!" नवऱ्या मुलाच्या वडिलांनी, हाजी मितवल्लींनी, आपला मोबाइल पुन्हा एकदा ताटांवरून फिरवला. त्याच्या पाठीवर पितळी पत्रा होता आणि पत्र्यावर चांदण्यांचं बारीक जाळं. "मशीनच्या बापाला जमायचं नाही. आमच्या व्याह्यांनी स्वतः कोरलंय!"

ज्यांच्या हाताचं हे कौतुक, ते शौकी उस्ता दोन्ही हात मेजाखाली मांड्यांत दाबून बसले होते. समोर भाजलेलं बदक होतं, मुलूखियाच्या पातळ भाजीची वाटी होती, पण पोट बिघडल्याचं सांगून त्यांनी घास घेतला नव्हता. पोटाला काही झालं नव्हतं. चमचा न सांडता तोंडापर्यंत जाईल, याचा भरवसा नव्हता.

नह्हासीनच्या आमच्या तांबटगल्लीत तांब्यापितळेवर कोरणारे पुष्कळ, पण उस्तांच्या तोडीचा एक नाही. मग त्यांच्या हातांत कापरं शिरलं. तेव्हापासून ते भांड्यांना झळाळी देतात आणि विचारलं तर डोळे दुखतात म्हणतात. आम्हा शेजाऱ्यांना सगळं दिसत होतं. दिसत नाही असं आम्ही आपसांत ठरवून टाकलं होतं.

होणाऱ्या व्याह्यांनी, म्हणजे हाजींनी, हौसेनं नक्षी मागितली, तेव्हा उस्तांच्या तोंडून नाही निघेना. ते गुपचूप कोपऱ्यावरच्या लेझरवाल्याकडे गेले. त्या पठ्ठ्यानं उस्तांच्याच एका जुन्या तबकाचा फोटो काढून नक्षी कंप्यूटरात भरून ठेवली होती. कडेच्या मण्यांतला एक मणी उस्ता मुद्दाम अर्धा सोडत, ती त्यांची खूण. मशीननं तीही इमानेइतबारे उतरवली. नक्षी माझीच आहे, मग खोटं कुठं झालं, अशी उस्तांनी स्वतःची समजूत घातली. पण हाजींनी आपल्या थोरल्या मुलाची जमलेली सोयरीक मुलीकडच्यांच्या एका थापेपायी मोडली होती, हे आठवलं की ती समजूत टिकत नसे.

"अगंबाई, हे तर माझ्यासारखंच!" नवऱ्या मुलाची आत्या इनशिराह हिनं पिशवीतून आपला मोबाइल काढला. त्याला अताबा बाजारातल्या फुटपाथवरचं प्लास्टिकचं कव्हर. तेच जाळं, तेच मणी, तो अर्धा मणीसुद्धा.

सगळ्यांच्या माना एका मोबाइलकडून दुसऱ्याकडे वळल्या. उस्तांचे कान तापले. आता धरणीनं पोटात घ्यावं, असं त्यांना झालं.

"चोर लेकाचे!" हाजी कडाडले. "माणसाची जन्माची कला उचलतात आणि फुटपाथवर विकतात! उस्ता, तुम्ही फिर्याद करा, मी येतो साक्षीला."

शिव्या दिल्या असत्या तर त्या उस्तांनी गिळल्या असत्या. हा विश्वास त्यांना गिळवेना.

"छिन्नी-हातोडी घरात असेलच की," हाजी म्हणाले. "या पत्र्यावर तुमचं नाव घाला, आत्ता, आमच्यादेखत. अस्सल कुठलं आणि नक्कल कुठली, एकदाचं कळू दे सगळ्यांना."

"आज नको, काका." उस्तांची मुलगी रावया चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. आज तिचंच लग्न ठरत होतं. "शुक्रवारी बाबा हत्याराला शिवत नाहीत. कधीच नाही."

साफ खोटं. जन्मभर शुक्रवारची नमाज आटोपली की उस्ता सरळ दुकानाकडे वळत. आपली लाज झाकायला आज पोरीला सासरच्या माणसांपुढे खोटं बोलावं लागलं, हे त्यांच्या काळजाला लागलं. तिच्याकडे बघायचीही त्यांना शरम वाटली.

"राहिलं मग. चला, फातिहा वाचून घेऊ," हाजी म्हणाले. फातिहा वाचली की शब्द दिला गेला; नंतर मागं फिरणं नाही.

सगळ्यांनी हात पुढे करून तळवे उघडले. रावयानं बापाकडे बघून हळूच मान हलवली, हात बाहेर नका काढू. पोट धरून बसता आलं असतं, कुणी काही म्हटलं नसतं.

उस्तांनी दोन्ही हात मेजावर आणले आणि तळवे उघडले. ते असे थरथरत होते की बाह्या हलत होत्या आणि मनगटाला लागून बशीतला चमचा वाजत होता. हाजींनी त्या हातांकडे पाहिलं, मग मोबाइलकडे, मग पुन्हा हातांकडे.

"वाचा ना, हाजी," उस्ता म्हणाले. मान खाली होती, हात मात्र त्यांनी तसेच उघडे ठेवले.