फुटलेला कप

मेंदूले रक्त नेणारी माझ्या मानेतली नस ऐंशी टक्के बंद. अमरावतीचा डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन करा नाहीतर स्टेंट टाका, पण लवकर. अन् वरूडच्या घरी ठरवून राहिले कोण, तर माझे दोन पोरं!

नितेश म्हणे स्टेंट. प्रफुल म्हणे, "संत्र्याचा तोडा होऊ दे, तवरिक गोळ्या."

मी खेकसलो, "हरामखोरहो, मान माझी हाय! मले काहून नाही इचारत?"

"बरं, सांगा बाबा," नितेश म्हणाला.

'ऑपरेशन' म्हणायले तोंड उघडलं, पण जीभ हललीच नाही. हातातला चहाचा कप सुटून फुटला. आजवर रागात मी कितीतरी कप फेकले होते.

"पाह्य, कप फेकला," प्रफुल म्हणाला. "बाबा नाही म्हणून राहिले. तोड्यानंतर पाहू."