बारावं नाव

दुर्गेश्वरीने चष्मा नाकावर घट्ट केला, टेबलावरची यादी स्वतःकडे ओढली आणि सगळ्यांत वरच्या नावावर बोट ठेवलं.

“खुशी पटले.”

सभागृहात गलका झाला. मागच्या रांगेतून कोणीतरी शिटी मारली. लीगचे सचिव यादोराव पेन हातात धरून तिच्याकडे बघतच राहिले.

“पक्का ना, मॅडम? एक बार लिख दिया, तर सीझनभर बदलता येणार नाही.”

“लिहा.”

शेजारी बसलेल्या केशोराव टेंभऱ्यांनी मांडीवर थाप मारली. खतं-बियाण्यांचं दुकान चालवणारे केशोराव सारस संघाचे मालक, आणि दुर्गेश्वरी त्या संघाची प्रशिक्षक.

“आता पाहा म्हणा मिलवाल्याले,” ते म्हणाले. “मन मोठं आहे बरं तुमचं. दुसरी बाई असती त त्या पोरीचं तोंड नसतं पाहिलं.”

दुर्गेश्वरी नुसती हसली. मन मोठं करायला ती आलीच नव्हती.

जिल्ह्याच्या महिला बास्केटबॉल लीगमध्ये सहा संघ होते आणि लागोपाठ तीन वर्षं चषक एकट्या राइस मिलवाल्यांच्या संघाने नेला होता. जिकडे खुशी तिकडे चषक, हे शाळकरी पोरांनाही पाठ झालं होतं. निकाल आधीच ठाऊक असलेला सामना बघायला कोण येणार? गेल्या वर्षी अंतिम सामन्याला बसणाऱ्यांपेक्षा खुर्च्या मांडणारेच जास्त दिसत होते. तेव्हा समितीने नवा नियम काढला. दरवर्षी सगळ्या खेळाडू पुन्हा एका यादीत येतील, आणि जो संघ मागच्या वर्षी तळाला, तो सगळ्यांत आधी निवडेल. सारस तळाला होता.

तीन वर्षांपूर्वी हाच सारस पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचला होता. खुशी तेव्हा त्यांच्याकडे होती. बिरसी गावची ही लांब हातांची पोरगी दुर्गेश्वरीला कामठ्याच्या शाळेत सापडली. बोअरवेलचा जुना पाइप उभा करून दुर्गेश्वरीने तिच्यासाठी मैदानात रिंग लावली. परीक्षेच्या दिवसांत तिला स्वतःच्या घरी ठेवलं, आपल्या ताटातलं वाढलं. चार वर्षं. अंतिम सामन्याच्या सकाळी ती जीप घेऊन तिला आणायला बिरसीला गेली, तर खुशीची आई धुरपता अंगणात धान वाळत घालत होती. वर बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं, त्यामुळे तिचं बोलणं दोनदा ऐकावं लागलं.

“थे त सकाळीच गेली, मॅडम. मिलवाल्याची गाडी आली होती ना. तुमाले सांगतलं नाई का तिनं?”

सांगितलं नव्हतं. त्या दुपारी खुशी पिवळ्या जर्सीत समोर उभी राहिली आणि दुर्गेश्वरीच्याच संघावर तिने एकतीस गुण केले. सारस अडतीस गुणांनी हरला. तेव्हाच्या नियमात असं संघ बदलणं बसत होतं, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? सामना संपल्यावर खुशी पाया पडायला आली होती. दुर्गेश्वरीने पाय मागे घेतले होते.

आता तीच खुशी निळी जर्सी घालून सरावाला आली, सगळ्यांच्या आधी आली, आणि दुर्गेश्वरीने तिला सगळ्यांसारखंच पळवलं. एका शब्दानेही मागचं काढलं नाही. पहिल्या सामन्याला मैदान गच्च भरलं होतं. दुर्गेश्वरीने पाच नावं वाचली. त्यांत खुशी नव्हती.

“तू इथं बस,” तिने आपल्या शेजारची खुर्ची दाखवली.

खुशी बसली. पहिलं सत्र गेलं, दुसरं गेलं. लोक “खुशी, खुशी” ओरडू लागले. तिचे गुडघे खालीवर होऊ लागले, बोटं जॅकेटच्या चेनशी खेळू लागली. दुर्गेश्वरी खेळाकडे बघत होती, पण तिला ते गुडघे न बघताही दिसत होते. सामना संपला तेव्हा खुशीच्या जर्सीवर घामाचा एक डाग नव्हता. त्या संध्याकाळी, कितीतरी दिवसांनी, दुर्गेश्वरी दोन पोळ्या जास्त जेवली.

दुसऱ्या सामन्यात तेच. तिसऱ्यातही तेच.

गंमत अशी, की सारस जिंकत होता. खुशी नाही म्हटल्यावर बाकीच्या मुलींना स्वतःच धावावं लागलं. कर्णधार नीतू, जी तीन वर्षांपूर्वीच्या त्या पराभवात खेळली होती, ती तर अशी खेळत होती जणू प्रत्येक बास्केट खुशीला दाखवूनच टाकत होती. इतर संघांतही खेळाडू वाटल्या गेल्यामुळे प्रत्येक सामना शेवटच्या मिनिटापर्यंत रंगत होता. यादोराव आनंदात होते, आणि संघ जिंकतोय म्हटल्यावर केशोरावांनीही खुशीबद्दल विचारलं नाही. मिलवालेसुद्धा दोनदा हरले.

चौथ्या सामन्यानंतर नीतू दुर्गेश्वरीच्या मागे मागे जीपपर्यंत आली.

“मॅडम, एक बोलू का?”

“बोल.”

“बस झालं आता. मलेही आधी बरं वाटलं होतं. पण ते रोज पाणी देते, टॉवेल देते. तिच्याकडून पाणी घेताना मलेच कसंतरी होऊन राहिलं.”

“मग पाणी घेऊ नको,” दुर्गेश्वरी म्हणाली आणि गाडी सुरू केली.

सारस अंतिम फेरीत पोचला. समोर पुन्हा मिलवालेच होते. आणि त्यातच बातमी आली, की नागपूरहून दोघंजण सामना बघायला येणार आहेत. महिलांची नवी व्यावसायिक लीग सुरू होत होती, त्यासाठी ते खेळाडू शोधत हिंडत होते. खुशीला तेविसावं संपत आलं होतं. असं बोलावणं दरवर्षी थोडंच दारात येतं?

आदल्या दिवशी सराव संपल्यावर खुशी पहिल्यांदा काही मागायला आली. चेंडू छातीशी धरून उभी राहिली.

“मॅडम, उद्या खेळवाल का? थोडंसं खेळवलं तरी चालेल. पाच मिनिटं.”

दुर्गेश्वरीने हजेरीच्या वहीतून डोकं वर काढलं नाही. हेच ऐकण्यासाठी तर तिने यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं होतं. ते तिने मनात एकदा घोळवलं, चवीने.

“बघू,” ती म्हणाली.

खुशी चेंडू ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. नागपूरचे दोघं पहिल्या रांगेत वही घेऊन बसले होते. सामन्याआधी खेळाडूंच्या नावांचा कागद भरून सही करून द्यायचा असतो. सारसमध्ये मुली तेरा होत्या आणि कागदावर नावं बाराच बसत, म्हणून सगळ्यांत लहान टीना रहांगडाले दर वेळी बाहेर राही. कागद भरण्याचं काम खुशीकडेच होतं. बसूनच राहायचं तर तेवढं तरी कर, असं दुर्गेश्वरीने पहिल्याच आठवड्यात तिला सुनावलं होतं. खुशीने कागद आणि पेन पुढे केलं. दुर्गेश्वरी नीतूला समजावत होती. बोलता बोलताच तिने सही केली.

सामना तोडीस तोड झाला. कोणीही चार गुणांच्या पुढे जाईना. बोंबलून बोंबलून लोकांचे घसे बसले. शेवटच्या सत्रात दोन मिनिटं उरली असताना मिलवाले चोपन्न, सारस बावन्न असं होतं, आणि त्याच वेळी नीतूचा पाचवा फाउल झाला. पाच फाउल म्हणजे खेळाडू बाहेर. नीतू डोळे पुसत बाकाकडे आली.

“खुशी! खुशी!” सगळं मैदान ओरडत होतं. केशोराव खुर्चीवर उभे राहून हात हलवत होते.

दुर्गेश्वरीने फलकाकडे पाहिलं. दोन गुण. चषक टेबलावर, हाताच्या अंतरावर. तीन वर्षांपूर्वी तोंडाशी येऊन निसटलेला घास असा समोर, आणि शेजारच्या खुर्चीत तो मिळवून देणारी एकमेव पोरगी. राग कुठे गेला नव्हता. पण हाव रागाहून मोठी निघाली.

“जॅकेट काढ,” ती म्हणाली. “जा.”

खुशी हलली नाही.

“ऐकू आलं नाही का? जा म्हणते ना!”

“माझं नाव नाही कागदावर,” खुशी म्हणाली.

दुर्गेश्वरी जवळजवळ धावतच गुणलेखकाच्या टेबलाशी गेली. अकरा नावं नेहमीची. बारावं नाव, खुशीच्या गोल अक्षरात, टीना रहांगडाले. खाली दुर्गेश्वरीची स्वतःची सही. घाईची होती, तरी ओळखू येत होती.

पंचाने शिटी वाजवून घाई केली. बाकावरच्या बाकीच्या मुली धावून धावून दमल्या होत्या; ताज्या दमाची एकटी टीनाच होती. दुर्गेश्वरीने तिला खांद्याला धरून आत ढकललं. पोरगी घाबरून पांढरी पडली होती, तरी तिने एक बास्केट केली, आणि सारसला आणखी एक गुण मोकळ्या फेकीचा मिळाला. मिलवाल्यांनीही दोन केले. छप्पन-पंचावन्न. एका गुणाने सारस हरला.

मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. दुर्गेश्वरी खुशीसमोर जाऊन उभी राहिली.

“काऊन केलं असं?”

खुशीने मान वर केली. डोळे कोरडे होते.

“खेळली नाही त नावापुढे शून्य येते, मॅडम. पाच मॅचचे पाच शून्य आहेत माझे. सहावं नागपूरवाल्यांच्या समोर कायले घेऊ? त्यापरीस नावच नको म्हटलं.”

“आज मी तुला खेळवणार होते.”

“कधी?”

तोवर केशोराव येऊन थडकले होते, मागे यादोराव. केशोरावांच्या कपाळाची शीर तटतटली होती.

“तिनं आपल्या मनानं नाव गाळलं! टेबलावरचा पोरगा सांगून राहिला, कागद तिच्याच अक्षरात आहे. मिलवाल्यानं पाठवलेली असंल हे! सचिवसाहेब, लिहा तक्रार.”

यादोरावांनी दुर्गेश्वरीला बाजूला घेतलं. हातात छापील अर्ज होता.

“देखो मॅडम, प्रशिक्षकाला न विचारता नाव बदललं तर दोन वर्षांची बंदी आहे. इथंच नाही, कुठंच खेळता नाही येणार. तुमची सही लागते फक्त.” त्यांनी पेन पुढे केलं. “नाव तुमच्या सांगण्यावरून काढलं होतं का? तेवढं सांगा.”

दोन वर्षं. तोवर पोरगी पंचविशीत जाईल, आणि नागपूरच्या वहीत दुसऱ्याच कोणाची नावं असतील. इतका पक्का सूड दुर्गेश्वरीला स्वतःला सुचला नसता. पलीकडे नीतू खुशीच्या शेजारी येऊन बसली होती. टीना हातातलं सहभागाचं प्रमाणपत्र उलटंपालटं करून बघत होती. पहिल्या रांगेतले दोघं वही मिटून उठण्याच्या बेतात होते.

दुर्गेश्वरीने पेन घेतलं, टोपण लावलं आणि परत केलं.

“हो,” ती म्हणाली. “मीच सांगितलं होतं.”

“तुम्ही?” केशोरावांचा आवाज फाटला. “पहिल्या नंबरवर घेतलेली पोरगी अख्खा सीझन बसवली, अन् फायनलले नावच काढलं? दिमाग जाग्यावर आहे का तुमचा?”

“सही माझी आहे ना कागदावर?”

“मग उद्यापासून येऊ नका तुम्ही. दुसरा पाहतो मी.”

“बरं,” दुर्गेश्वरी म्हणाली.

ते दोघे हातवारे करत टेबलाकडे गेले. दुर्गेश्वरी वाकून विखुरलेले चेंडू गोळा करू लागली. तिसरा चेंडू उचलताना समोर पिशवीचं उघडं तोंड आलं. ती खुशीने धरली होती.

“माझ्यावर उपकार करू नका,” खुशी म्हणाली.

“उपकार नाही केले.” दुर्गेश्वरीने चेंडू आत टाकला. “अजून माफही केलं नाही तुले.”

“मीबी नाही केलं,” खुशी म्हणाली, आणि उरलेले चेंडू संपेपर्यंत पिशवी धरून उभी राहिली.