कठड्याला पुसलेला चुना

मित्रांनो, मी एक जुना सागवानी कठडा आहे, आणि खरं सांगायचं तर मला माझीच किळस येते.

जोयड्याच्या रानात मी वाढलो. रामनगरच्या जुन्या बागेत तळ्याला वळसा घालणारी एक सपाट, रुंद वाट आहे. तिच्या कडेला मला बसवलं. सुतारानं रंधा मारून मला इतकं गुळगुळीत केलं होतं, की येणारीजाणारी माणसं उगाच हात फिरवायची. "काय लाकूड हाय!" म्हणायची. मीही फुगून जायचो.

आणि आता? शी! गुटखा थुंकायचा माझ्या पायाशी, नाक शिंकरून बोटं पुसायची मला, तंबाखूला लावून उरलेला चुनाही मलाच. धो धो पावसातसुद्धा ते चट्टे जात नाहीत. मी काय यांच्या घरचं फडकं आहे?

तरी सोसत होतो, ते फुलासाठी. फुला म्हणजे कुंभारवाडा गावची म्हातारी. अंगावरून वारं गेलं म्हणून रामनगरला मुलाकडे, विनोदकडे आली होती. डावा हात लुळा. उजव्या हातानं मला घट्ट धरून ती रोज पाय टाकायला शिकत होती.

"माझ्या पायानं घरी जाणार मी. कुणी उचलून न्हेलेलं नको," ती म्हणायची.

विनोद तंबाखू मळत पुढे चालायचा. "ये आये, आज त्या वडापतोर!"

एके संध्याकाळी ती खरंच वडापर्यंत पोचली. हसली. हातानं तोंडावरचा घाम पुसला आणि किंचाळली, "आई गं! डोळा जळला!"

तिच्या बोटांना चुना लागला होता. माझ्यावरचा, ओला.

विनोदनं धावत पाणी आणलं, डोळा धुतला, आणि बागभर ओरडला, "कुटल्या मुडद्यानं चुना पुसला रं हितं?"

मला तोंड असतं तर! पण फुलाचा दुसरा डोळा उघडा होता.

"इन्या, हात दाव."

त्यानं पटकन बोट पँटीला पुसलं. "चल आये, मला धर."

"न्हाई. तुलाबी न्हाई, ह्या घाणेरड्या कठड्यालाबी न्हाई." ती वाटेवरच बसली.

शेवटी विनोदनं तिला उचलून नेलं. त्या दिवसापासून फुला बागेत आलेली नाही.

मित्रांनो, मला नवा रंग नको, शेजारी पाटी नको. घरी जा आणि आपल्या माणसांची बोटं बघा. चुना दिसला तर त्यांना सांगा, "तुमच्याच शर्टाला पुसा." शर्ट खराब होतो म्हणाले, तर विचारा, मग आईचा डोळा गेला तर चालतं का?