इंजिन नसताना पळालेला टेम्पो

मित्रांनो, मी एक जुना तीनचाकी टेम्पो आहे आणि सात वर्षं मी पोलिसांच्या ताब्यात होतो. माझ्यावर चोरीचा माल घेऊन पळाल्याचा ठपका होता. त्या दिवशी माझ्या पोटात इंजिनच नव्हतं, पण ही गोष्ट कुणाला फारशी अडचणीची वाटली नाही.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात आम्ही सगळे भाऊ रांगेत उभे होतो, सगळे पिवळे, सगळे सारखे. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते मुर्धा गावच्या ईश्वरने कर्ज काढून मला घरी आणलं तेव्हा. त्याच्या बायकोने, नीलमने, मला ओवाळलं. ईश्वरने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "हा आपला थोरला. धाकट्याचं बघू पुढच्या वर्षी." नीलम लाजली. मीही लाजलो असतो, पण माझा रंग आधीच ठरलेला होता.

मग आम्ही दोघांनी भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमधून स्टीलचे पत्रे वाहिले, पातेली वाहिली, झाकणं वाहिली. गाळ्यांचे शेठ म्हणायचे, "ईश्वर का टेम्पो आया, मतलब नौ बज गये." ईश्वर रोज सकाळी मला पुसायचा आणि तेच फडकं खांद्यावर टाकून दिवसभर फिरायचा. त्यामुळे आम्हा दोघांना एकच वास यायचा.

एकदा माझं इंजिन धूर ओकायला लागलं. ईश्वरने मला गोडदेवच्या काशीनाथ मेकॅनिककडे नेलं. काशीनाथचं गॅरेज एवढंसं. त्यात मी मावत नव्हतो. म्हणून त्याने सीट उचलून इंजिन काढून आत ठेवलं आणि मला ढकलत दोन गल्ल्या पलीकडे रस्त्याकडेला उभं केलं. त्याच आठवड्यात एका गाळ्यातून पत्रे चोरीला गेले आणि वॉचमनचं डोकं फुटलं. कुणीतरी पिवळा तीनचाकी टेम्पो पळताना पाहिला होता. आपल्याकडे पिवळे तीनचाकी टेम्पो कावळ्यांपेक्षा जास्त आहेत. पण त्या गाळ्यावर ईश्वरची रोजची ये-जा, तेव्हा पोलीस त्याच्याच दारात आले. मला क्रेनने उचलून नेलं. चालू करून बघावं, असं कुणालाही वाटलं नाही.

कोर्टात ईश्वर हात जोडून म्हणाला, "साहेब, गाडीत इंजिनच नव्हतं." मला कोर्टाबाहेर ओढून आणलं होतं, तिथे सीट उचलली गेली. खरंच नव्हतं. मला वाटलं, सुटलो! पण एक अंमलदार शांतपणे म्हणाला, "साहेब, आमच्या ठाण्याच्या आवारातून गेलं असेल. तिथून पार्ट जातात." मित्रांनो, आपल्या आवारात चोरी होत नाही, एवढं जरी पोलिसांनी अभिमानाने सांगितलं असतं, तरी ईश्वर सुटला असता. पण ईश्वरची चोरी टिकावी म्हणून त्यांनी स्वतःच्या घरातली चोरी कबूल केली. काशीनाथ साक्षीला आलाच नाही. ईश्वरला शिक्षा झाली. मला आवाराच्या कोपऱ्यात ढकललं.

तिथे एकेक करत माझे आरसे गेले, बॅटरी गेली, एक मांजर मात्र आली. तिने माझ्या सीटवर पिल्लं घातली. मागे हौद्यात पिंपळ उगवला. एक हवालदार रोज त्याला पाणी घालायचा आणि मला लाथ मारायचा.

नीलम गप्प बसली नाही. केबिन रोडवर एका जिन्यावरच्या खोलीत सुचेताताई नावाच्या वकीलबाई बसत. न केलेल्या गुन्ह्यात अडकलेल्या कामगारांच्या केसेस त्या लढत. नीलम त्यांना घेऊन काशीनाथकडे गेली. पुढचं मला इंजिनाने नंतर सांगितलं.

"वहिनी, चहा घ्या," काशीनाथ म्हणाला. आधीही ती आली की तो दर वेळी हेच म्हणायचा.

"चहा किती वर्षं पाजणार, भाऊ? इंजिन कुठंय?"

"मला कोर्टाचं लफडं नको. ते माझ्याकडे सापडलं तर मलाच चोर म्हणतील. बायकापोरांचा माणूस आहे मी."

"आणि माझा माणूस कुणाचा आहे?" नीलमने विचारलं.

काशीनाथने मान खाली घातली. मग तिच्यासमोरचा चहाचा ग्लास उचलला. ग्लासाखालचं गोणपाट उचललं. गोणपाटाखाली माझं इंजिन होतं. इतकी वर्षं ती बिचारी नवऱ्याच्या सुटकेवरच ग्लास ठेवून चहा पीत होती.

इंजिनाचा नंबर जुळला. ते चोरीच्या आधीच काढून ठेवलं होतं, असं काशीनाथने शपथेवर सांगितलं. वरच्या कोर्टाने ईश्वरला निर्दोष सोडलं, पण तोवर त्याची शिक्षा जवळजवळ भोगून झाली होती. माझ्या सुटकेचाही हुकूम निघाला. तेव्हा पिंपळ मुद्देमालात धरायचा की नाही, यावर ठाण्यात अर्धा दिवस चर्चा झाली.

मला परत द्यायला नियम होता: मालकाची वस्तू मालकाला. ईश्वरची सात वर्षं मात्र कुठल्या आवारात ठेवली आहेत आणि ती कुणाच्या सहीने सुटतात, हे कुणालाच सांगता येईना. सुचेताताईंनी भरपाई मागायचं ठरवलं. माझ्या बाजूलाच खुर्च्या टाकून सगळे बसले.

"काय काय गेलं, ते सांगा," ताई म्हणाल्या.

ईश्वरने खूप विचार केला. "मागे दोन गोण्या होत्या. रिकाम्याच होत्या."

नीलमने त्या गोण्या लिहून होऊ दिल्या. मग तिने विचारलं, "ताई, मूल लिहिता येतं का हो? झालं नाही ते?"

ताईंनी पेन खाली ठेवलं.

सरकारकडून उत्तर आलं की चूक झाली, पण कुणी मुद्दाम केली नाही. ताई पुन्हा कोर्टात गेल्या आहेत. तारखा पडताहेत.

आज काशीनाथने इंजिन दुरुस्त करून मला बसवलं. पैसे घेतले नाहीत, वर बघितलंही नाही. ईश्वर सीटवर बसला. मी पहिल्याच झटक्यात सुरू झालो. गल्लीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्या. माणसं पांगली. ईश्वर हँडल धरून तसाच बसला.

"अहो, एक चक्कर तरी मारा," नीलम म्हणाली. "नाहीतर उतरा. जेवायचं नाही का?"

तो समोर बघत हळूच म्हणाला, "निघ म्हणून सांगितलं नाही ना अजून."

"कुणी?"

त्याला ते आठवेना.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत असं कुणी परत आलं, तर "कधी सुटलात?" असं विचारू नका. "चहा घेणार का?" असं विचारा. हो म्हणायचं की नाही, हे ठरवायला त्यांना वेळ लागेल. तेवढा वेळ त्यांच्याजवळ थांबा.

नीलम माझ्या पायरीवर येऊन बसली आहे. डिझेल फुकट जळतंय. ती "बंद करा" म्हणत नाही.