लक्ष्मम्माची वाटी

मुरुमपासून कोसभर अंतरावर आमचा मळा. विहिरीच्या काठानं द्राक्षाचे अकरा वेल होते. पणजोबांनी त्यांच्या काड्या हैदराबादेहून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या होत्या म्हणे. मला आठवतात तेव्हा त्यांची खोडं माझ्या ओंजळीत मावत नसत.

फाल्गुनात घड उतरले की आम्ही सगळे पाय घासून धुवायचो आणि दगडी डोणीत उतरायचो. थंडगार रस बोटांमधून वर यायचा. माझी आई, लक्ष्मम्मा, सगळ्यांत पुढं असायची; आम्ही तिला अव्वा म्हणायचो. तिचे तळवे चैत्रापर्यंत जांभळे दिसत. अप्पा, म्हणजे माझे वडील, तो रस मळ्यातल्या खोलीत रांजणांत भरत. त्याची दारू व्हायची. लोक तिला अंगुरी म्हणत. निजामाच्या काळापासून आमच्याकडं तिचा परवाना होता.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि दोन-तीन वर्षांत दारूबंदी आली. परवाना रद्द झाला. एका सकाळी अबकारीचे जमादार दोन शिपाई घेऊन मळ्यात आले.

"नागप्पा, रांजण रिकामे करायचे हायत. माझ्यासमोर."

अप्पा म्हणाले, "औंदाची अजून कच्ची हाय, साहेब."

"मग तर बरंच. जीव कमी तुटंल."

अप्पांनी पहिला रांजण कलता केला, तेवढ्यात अव्वा पुढं आली. आमच्या घरात बायका अंगुरी तोंडाला लावत नसत.

"जरा थांबा. तीस वर्षं तुडवली म्या. कशी लागती ते तरी कळू द्या."

जमादारांनी विहिरीकडं तोंड फिरवलं. अप्पांनी पितळी वाटी भरून दिली. अव्वानं डोळे मिटून घोट घेतला, तोंड वाकडं केलं, मग उरलेली सावकाश संपवली.

"आंबट हाय," ती म्हणाली, "पर लई चांगली केलीया तुम्ही."

अप्पा हसले आणि हसता हसता रडायला लागले. मग ओढ्यात सगळी अंगुरी ओतली गेली. दुपारपर्यंत मळाभर वास होता.

अप्पांचे थोरले भाऊ बिराप्पाकाका म्हणाले, "वेल काढ, भुईमूग लाव." अप्पांनी ऐकलं नाही. छाटणी ते करत राहिले. पण रांजणांच्या खोलीत मात्र पाऊल टाकीनात. बारीक, बियांची ती द्राक्षं बाजारात कुणी घेईना. दुसऱ्या वर्षी अव्वानं एकटीनं थोडी तुडवली आणि एका रांजणात सिरका, म्हणजे द्राक्षाचं व्हिनेगर, लावला. मुरुमचा औषधी विकणारा अत्तार तो घ्यायला तयार होता.

आठवड्यानं अप्पा पहिल्यांदा आत आले. बराच वेळ रांजणाला कान लावून उभे राहिले.

"झाकण कशाला ठेवलंस?" ते म्हणाले. "पातळ फडकं बांध. हवा लागू दे त्याला."

अव्वानं मला फडकं आणायला पिटाळलं. मी परत आले तेव्हा दोघं खाली बसून दुसरा रांजण घासत होते.