कोब्याखालची भरती

भीमाबाईचं घर पावसाळ्यात वर यायचं आणि उन्हाळ्यात खाली जायचं. मी ते पट्टीने मोजलं आहे. खोलीच्या मध्यावर, ऑगस्टपासून मार्चपर्यंत, पावणेतीन इंच.

१९५८ साली मी पनवेलच्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला आले आणि खाडीच्या अंगाला तिच्या पडवीलगतची खोली भाड्याने घेतली. भीमाबाई पन्नाशीची होती. तिचा नवरा मिठागरावर मुकादम होता, तो वारला होता. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले होते. तरी ती एकटी राहायची, भाकऱ्या थापायची, सुकट निवडायची, आणि मी शाळेतून आले की माझ्या चपलेच्या आवाजावरून मी दमले आहे की नाही ते सांगायची.

तिच्या घराची जमीन सारवणाची होती, आणि सारवणाखाली खाडीची काळी चिकण माती. पाऊस मुरला की ती माती फुगायची. खोलीच्या मधोमध हळूहळू एक उंचवटा तयार व्हायचा, पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. दारं चौकटीत अडकायची. पाऊस सरला की ती पाठ खाली जायला लागायची, आणि शिमग्यापर्यंत भिंतीच्या कडेने हात जाईल एवढी भेग पडलेली असायची. दुपारी त्या भेगेशी पाय नेला तर खालून गार हवा लागायची. घराच्या खाली आणखी एक घर असावं, आणि तिथे कुणी नुकतंच पाणी शिंपडलं असावं, असं वाटायचं.

भीमाबाईच्या पायांना दोन घरं पाठ होती, एक पावसाळ्याचं आणि एक उन्हाळ्याचं. घात व्हायचा तो एकातून दुसऱ्यात जाताना. त्या ऑक्टोबरात ती चुलीपाशी अडखळली आणि तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. मुंबईला गिरणीत असलेला, चाळीत राहणारा तिचा मुलगा दयाराम दोन दिवसांची रजा काढून आला. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "आये, आता एकच पावसाळा. परत पडलीस तर इचारनार नाय. उचलून नेईन."

"तिसऱ्या माल्यावर?" ती म्हणाली.

"मग काय झालं? लोक ऱ्हातात ना."

तो गेल्यावर ती भिंतीला टेकून बसली. "बाई," ती मला म्हणाली, "इथं मी हिरीवर जाते, बाजारात जाते, खाडीवर जाऊन बसते. तिथं मी कुटं जानार? जिन्यापरत."

तिचा धाकटा भाऊ काशिराम जवळच्या गव्हाण गावात राहायचा. त्याची अर्धी हयात मिठागरात गेली होती, आणि गेली चार वर्षं तो सिमेंटच्या कामात पडला होता. पनवेलात तेव्हा घरोघरी, दुकानोदुकानी सारवणाच्या जागी सिमेंटचे कोबे होत होते. काशिरामाने भाताच्या एका गिरणीचा कोबा केला होता, बाजारातल्या दोन दुकानांचे केले होते. तिन्ही पहिल्याच पावसात उलले. तो सिमेंटला नावं ठेवायचा. आपल्या पायांवर त्याचा कधी संशय गेला नाही.

पायांवर म्हणते त्याला कारण आहे. मिठागराचा तळ पायांनी तयार करतात. ओल्या चिखलावर माणसं रांगेने उभी राहतात आणि दिवसचे दिवस तो तुडवतात, वाळत जाईल तसा आणखी तुडवतात, शेवटी तो दगडासारखा वाजायला लागतो. असा तळ झाला की खारं पाणी खाली मुरत नाही आणि मीठ मातीशिवाय निघतं. काशिराम कोब्याखालची जमीनही तशीच करायचा. बहिणीसाठी त्याने सिमेंटच्या परवान्याला अर्ज केला, चार महिन्यांनी आठ गोणी मिळाल्या. तोवर सबंध चैत्र तो रोज संध्याकाळी यायचा आणि सारवण खरवडून उघडी केलेली जमीन तुडवायचा. मी वह्या तपासत असायचे, आणि भिंतीपलीकडून त्याच्या टाचांचा ठेका यायचा, एकसारखा, झोप आणणारा. भीमाबाई उंबऱ्यावर बसून ऐकायची.

"याचे पाय बैलाचे," ती म्हणायची. "वरचा मजला बी त्याचाच."

"बोल, बोल," तो आतून म्हणायचा. "श्रावनात नाचशील यावर, तवा इचारीन."

एका संध्याकाळी त्याने मला मुद्दाम बोलावून पहार जमिनीवर आपटून दाखवली. ठण्ण आवाज झाला. "मास्तरीनबाई, आयका. इथं पानी सोडलं तर मीठ पिकंल."

मी खाली बसून एक ढलपी काढली. ती कोरडी होती, नखाने ओरखडा उठत नव्हता. मला ते कॉलेजात शिकवलं होतं: ही माती थरांच्या आत पाणी घेते आणि फुगते. ती जितकी कोरडी आणि जितकी दाबलेली, तितकी तिची उचल जास्त. काशिरामाने महिनाभर खपून तिची तहान वाढवून ठेवली होती. त्यावर तीन इंचांचा कोबा म्हणजे पापड.

मी तसं सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"मास्तरीनबाई, तुमी कदी मीठ पिकवलंय?"

"नाही."

"मंग?"

"मिठागराचा तळ वर्षभर ओला असतो. तुमचा हा तळ कोरडा आहे. पावसात भिंतीखालून पाणी आलं की हा उठेल."

"दगड उठतो क कवा?" तो हसला, पण पहार त्याने जरा जोरातच कोपऱ्यात ठेवली.

खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. पुस्तकातली माती दुसऱ्या देशातली होती. सिमेंट मात्र आठच गोणी होतं. पुन्हा परवाना मिळेपर्यंत वर्ष गेलं असतं, आणि गोणी तशाच ठेवल्या तर पावसाळी हवेत त्यांचे दगड झाले असते. माझं ऐकून चुकलं तरी भीमाबाई तिसऱ्या माळ्यावर, न ऐकून चुकलं तरी तिसऱ्या माळ्यावर. तेव्हा मी म्हटलं, आपण करून पाहू.

धान्य मोजायची दोन सारखी मापटी घेतली, एक भीमाबाईचं, एक शेजारच्या गोदूचं. एकात काशिरामाची माती. ती त्यानेच काढली, त्यानेच मुसळाने ठोकून काठोकाठ भरली, आणि आपली माती आहे म्हणून जरा जास्तच ठोकली. दुसऱ्यात कर्नाळ्याच्या रस्त्यावरचा तांबडा मुरूम, तोही ठोकून. दोन्ही पट्टीने सपाट केली, वर लाकडाची एकेक चकती, चकतीवर एकेक वरवंटा. मग दोन्हींत विहिरीचं पाणी घातलं आणि मापटी सावलीत ठेवली.

"आता?" भीमाबाईने विचारलं.

"आता तीन दिवस थांबायचं."

"अंडी उबवताय जशी," काशिराम म्हणाला.

तिन्ही दिवस मी शाळेतून आले की मापट्यांत थोडं थोडं पाणी घालत होते. घर उन्हात निपचित पडलेलं असायचं. भरतीच्या वेळेला खाडीचा वास यायचा. मापट्यांशी कान नेला तर मातीतून बारीक बुडबुडे सुटल्याचा आवाज यायचा, दूरवर कुणी कुजबुजावं तसा. भीमाबाईने तो माझ्या आधी ऐकला होता. "पितेय," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी काशिराम आला. मी वरवंटे उचलले आणि भीमाबाईचं बोट धरून मुरुमाच्या मापट्याच्या कडेवर ठेवलं. तिने बोट कडेवरून चकतीवर नेलं. दोन्ही एका पातळीत होती. मग दुसरं मापटं. तिचं बोट कडेवर फिरलं आणि चकतीला अडलं. चकती कडेच्या अर्धं पेर वर आली होती, वरवंट्यासकट.

"काश्या," ती हळूच म्हणाली, "तुझी माती उठली रं."

त्याने स्वतः बोट लावून पाहिलं. दोनदा पाहिलं. "वरवंटा असून?"

"वरवंटा असून," मी म्हटलं.

"मंग मी म्हैनाभर तुडवलं ते?"

त्याने टोपी काढली, परत घातली. बहिणीच्या भाजलेल्या हाताकडे त्याची नजर गेली असावी, कारण तो एकदम उठला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. "त्या गिरनीचा कोबा आठवला असंल त्याला," भीमाबाई म्हणाली. "लय भांडला होता सिमेंटवाल्याशी."

त्याच्या पुढच्या सकाळी मला जाग आली ती कुदळीच्या आवाजाने. काशिराम आपला तळ फोडत होता. दोन फूट खोल, भिंतीपासून हातभर सोडून, सगळी काळी माती त्याने बाहेर काढली. आठ दिवस लागले. येणारेजाणारे थांबून विचारायचे, "काय रं, हीर पाडतोस क?"

"व्हय. तुमाला लोटायला."

खाली उरली होती तीही काळीच माती. तिला फुगायचं ते आधीच फुगून घेऊ दे, म्हणून आम्ही पाणी पाजलं. बैलगाडीवर पिंप ठेवून तो तळ्याचं पाणी आणायचा आणि खड्ड्यात सोडायचा. दहा दिवस ती माती पीत होती, आणि दहा दिवस भीमाबाई खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसत होती, एखाद्या तळ्यावर बसावं तशी. अकराव्या दिवशी पाणी मुरायचं थांबलं. मग वर मुरूम, थराथराने, ओला करून ठोकून बसवलेला, आणि मुरुमावर वाळू.

कोबा एकसंध हवा असा काशिरामाचा हट्ट होता. मी चार तुकडे करायला सांगितले, मध्ये लाकडाच्या पट्ट्या, आणि भिंतीलगत बोटभर मोकळी जागा. थोडी उचल तरीही येणार होती, तेव्हा प्रत्येक तुकड्याला आपापला हलता आलं पाहिजे. तो कुरकुरला, पण म्हणाला, "मिठागर बी तुकड्यातुकड्यानंच असतं."

मेच्या शेवटच्या आठवड्यात कोबा ओतला. दुसऱ्या दिवशी त्यावर पाणी कोंडून ठेवायला काशिरामाने चिखलाचे बारीक बांध घातले, चार बोटं उंच, आणि खोलीभर चौकोन चौकोन पाडले. त्यात पाणी भरलं. दार उघडलं की उजेड त्या चौकोनांवर पडायचा आणि छपराच्या आतल्या बाजूला हलत राहायचा. कौलं, वासे, भिंतीवरची खुंटी, सगळं पाण्यात असल्यासारखं. काशिराम उंबऱ्यावर उकिडवा बसून बघत राहिला. मीही बघत राहिले. माझ्या हातातला चहा गार होऊन गेला.

"काय दिसतंय?" भीमाबाईने विचारलं.

"मिठागर," तो म्हणाला. "पैल्या पान्याचं."

तिने हात पुढे करून बोटं पाण्यात बुडवली आणि एका बांधावरून दुसऱ्या बांधाकडे नेली. पुढचे दहा दिवसही ती माझ्याच खोलीत निजली आणि रोज उठल्यावर आधी ते पाणी चाचपून यायची.

मग पाऊस लागला. आषाढात गोदूचं दार चौकटीत अडकलं. बाजारातल्या त्या दोन दुकानांचे कोबे आणखी उलले. आमच्या दाराशी मी दर रविवारी नळीत पाणी भरून पातळी घेत होते. ऑगस्टात दाराजवळचा तुकडा दोन सूत वर आला होता, म्हणजे पाव इंच. बाकीचे तिन्ही एका सुताच्या आत. भीमाबाईला न सांगता मी नळी गुंडाळून ठेवली.

"दाराजवलचा वाईच उठलाय," ती चुलीपाशी बसून म्हणाली. "त्याला काय हुतं? एवढं तर पायाला सोबत म्हनून हवंच."

तुकड्यांमधल्या फटी तिने पहिल्या आठवड्यातच पाठ केल्या होत्या. उभी फट धरून गेलं की चूल, आडवी फट लागली की तीन पावलांवर दार. भाकरीची परात घेऊन ती आता भिंतीला हात न लावता चालायची.

गौरी-गणपतीच्या सुट्टीला दयाराम आला. खांद्यावर लोखंडी पेटी होती, रिकामी. यंदाच्या पावसातही ती पडली असेल असं धरून, आईचं सामान भरायला त्याने ती आणली होती. आभाळ भरून आलेलं, भर दुपारी घरात काळोख. तो भिजलेला, घाईने आत शिरला. चार पावलं गेल्यावर त्याने उजवा पाय उंच उचलला, लहानपणापासून श्रावण-भाद्रपदात त्या जागी उचलायचा तसाच. तिथे उंचवटा नव्हता. पाय अधांतरी राहून दाणकन खाली आला, तो पुढे झोकांडला आणि पेटी मोठ्याने कोब्यावर आदळली.

भीमाबाई चुलीपासून उठून सरळ त्याच्याकडे आली आणि तिने त्याचा दंड धरला.

"लागलं क?"

"नाय." तो पायाखाली बघत होता. एक पाऊल पुढे टाकलं, एक मागे. मग वाकून हाताने चाचपलं. "आये, हे कवा झालं?"

"चल, बस आदी. ओला हायस." ती त्याला धरून चुलीकडे घेऊन निघाली. काळोखात त्याला रस्ता दिसत नव्हता. "इकडं. अजून एक पाऊल. हां, आता बस."

तो तीन दिवस राहिला. जाताना पेटीत तिने सुकट, जवळा आणि दोन शेर जाडं मीठ भरून दिलं. काशिरामाने पेटी डोक्यावर घेतली आणि ते दोघं मामा-भाचे चिखलातून एस.टी.च्या थांब्याकडे गेले. भीमाबाई दारापर्यंत आली होती. त्यांच्या पावलांचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावर ती आत वळली आणि परात घेऊन चुलीकडे गेली.